लाल लेबलची यामाहा एफजी-१८० : कोल्हापुरातल्या चार पावसाळ्यांनंतर

साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या पेटीवरच्या गोल भोकातून, दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा आत सरकवून बॅटरीचा उजेड टाकला, की गिटारची दांडी जिथे पेटीला मिळते त्या ठोकळ्यावर शाईने उमटवलेले ‘४५.९.२८’ हे आकडे दिसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ते १९४५ समजलो आणि एक-दोन दिवस उगाचच हरखून गेलो. युद्धात बेचिराख झालेल्या देशात, शरणागतीनंतर दीड महिन्यात, गिटारी कोण जोडत बसेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. प्रत्यक्षात ते शोवा कालगणनेचे वर्ष आहे. शके लिहिलेल्या जुन्या पत्रिकेवरून इसवी सन काढताना आपण ७८ मिळवतो, तसे इथे १९२५ मिळवायचे असतात. म्हणजे ही गिटार १९७० च्या सप्टेंबरअखेरीस जपानमधल्या हामामात्सु शहरात तयार झाली. गेली चार वर्षे ती माझ्याकडे, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत आहे आणि रोज तासभर तरी वाजते. पुढे जे लिहिले आहे ते चार पावसाळे आणि तितकेच उन्हाळे तिच्यासोबत काढल्यानंतरचे आहे.

मॉडेल यामाहा एफजी-१८०. एफजी म्हणजे फोक गिटार. १९६६ साली एफजी-१८० आणि तिच्याहून लहान पेटीची एफजी-१५० अशा दोन गिटारींनी ही मालिका सुरू झाली. मॉडेलचे आकडे किमतीवरून पडलेले आहेत : १८० म्हणजे १८,००० येन. तेव्हा एका डॉलरला ३६० येन असा ठरीव दर होता, त्यामुळे ही किंमत बरोबर ५० डॉलर होते. वस्तूच्या नावातच तिची किंमत गोवून टाकण्याचा हा सरळपणा मला फार आवडतो, जरी पन्नास वर्षांनंतर जुन्या बाजारातले विक्रेते त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहत नसले तरी. पेटीच्या आत लाल कागदाचे लेबल आहे आणि त्यावर निप्पॉन गाक्की हे कंपनीचे त्या वेळचे नाव आहे. यामाहा कॉर्पोरेशन हे नाव कंपनीने १९८७ साली घेतले. हे लाल लेबल साधारण १९७२ पर्यंतच्या गिटारींत सापडते. पुढच्या अनेक एफजी तैवानमध्ये बनल्या आणि लेबलांचे रंगही बदलत गेले. बाजारात लाल लेबलला जादा भाव आहे. तो सगळाच सार्थ आहे असे मला वाटत नाही, पण त्याविषयी पुढे.

मी ही गिटार शाहूपुरीतल्या एका निवृत्त वादकांकडून २१,००० रुपयांना घेतली. त्यांनी उमेदीची पंचवीस वर्षे ऑर्केस्ट्रात वाजवण्यात घालवली होती, आणि गिटार त्यांच्या जहाजावर नोकरीला असलेल्या थोरल्या भावाने परदेशातून आणलेली होती. साउंडहोलच्या खालच्या बाजूला पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने, घासून घासून बशीएवढा भाग पांढुरका झाला आहे, त्यात त्या सगळ्या गणेशोत्सवांचा हिशेब आहे. पैसे मोजून झाल्यावर काकांनी एवढेच बजावले, “घेऊन जावा, पण खुंटीला टांगून ठेवू नका.” मी ती आजतागायत टांगलेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या गिटारींच्या जाहिरातींत ती हटकून गाळली जाते. या गिटारची वरची फळी अखंड लाकडाची नाही. ती स्प्रूस या लाकडाच्या पातळ थरांची, म्हणजे प्लायवुडची आहे. पाठ आणि बाजू महोगनीच्या, पण त्याही थरांच्याच. ओळखायला अवघड नाही. साउंडहोलच्या कडेवर उजेड धरला तर अखंड फळीत वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसतात. इथे त्या मध्येच तुटतात आणि आडव्या रेषांचा एक थर सँडविचमधल्या चटणीसारखा दिसतो. तेव्हा ‘पन्नास वर्षे मुरलेले लाकूड, त्यामुळे खुललेला आवाज’ असे कुणी सांगू लागला तर ऐकून घ्यावे आणि त्यापोटी जादा पैसे देऊ नयेत. अखंड स्प्रूसची फळी वाजवून वाजवून मोकळी होते, असे अनेक जाणकार मानतात. चिकटवलेल्या थरांच्या बाबतीत मला तसा काही अनुभव नाही, आणि ही गिटार १९७० साली कशी वाजत होती ते ऐकायला मी तिथे नव्हतो.

मग घ्यायची कशासाठी? माझे उत्तर असे आहे की ती तिच्या दांडीसाठी आणि जोडकामासाठी घ्यावी. दांडी हातात बसते ती बोटांना न कळता बसते. कडा कुठेही टोचत नाहीत, आणि पहिल्या फ्रेटपासून (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) बाराव्यापर्यंत अंगठा सरकवत नेला तरी जाडीत कुठे उंचवटा लागत नाही. मी ज्या गिटारीवर शिकलो तिच्या फ्रेटच्या टोकांनी डावी तर्जनी कापून निघत असे. मला वाटायचे, गिटार म्हणजे असेच असते. इथे पन्नास वर्षांपूर्वी कुणी कामगाराने प्रत्येक फ्रेटचे टोक घासून गोल केले आहे आणि आजही त्यावर बोट अडत नाही. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या, स्वस्त म्हणून विकलेल्या वस्तूवर एवढे काम व्हावे, याचे मला आश्चर्य वाटते.

हामामात्सु शहराची माहिती वाचली तेव्हा ते थोडे कमी झाले. कोल्हापूरच्या माणसाला ते गाव परके वाटत नाही. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरातले लेथ आणि फाउंड्र्या आणि तासाभरावर इचलकरंजीचे माग, तसे तिथे सगळे एकाच गावात : सुझुकी कंपनीची सुरुवात १९०९ साली तिथे मागांच्या कारखान्याने झाली, होंडा तिथलीच, आणि यामाहाही. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली तिथल्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून स्वतः ऑर्गन बनवायला घेतले. आपल्या संगीत नाटकांना साथ करणारा पायपेटीचा ऑर्गन ज्या जातीचा, त्याच जातीचे ते वाद्य. लाकूड, धातू आणि सूर यांना एकाच छपराखाली हाताळणाऱ्या गावात गिटारचा फ्रेट नीट घासला जाणे साहजिक आहे.

या शेजाराचा प्रत्यय मला उद्यमनगरातच आला. तिसऱ्या तारेच्या ट्युनरचे भोक झिजून मोठे झाले होते आणि खुंटी डुगडुगत असल्यामुळे तार दर दहा मिनिटांनी उतरत होती. नव्या ट्युनरांचा सेट बसवावा तर जुनी भोके मोठी करावी लागतात आणि गिटारचे मूळपण जाते. म्हणून एका लेथवाल्याकडे गेलो आणि कॅलिपरने माप देऊन पितळेचे एक छोटे बुश, म्हणजे भोकात बसणारी नळी, कातून घेतले. त्याने काम चालू असतानाच लेबलवरची तीन ट्युनिंग फोर्कची खूण पाहिली आणि विचारले, “ही आरएक्सवाल्यांचीच व्हय?” मी हो म्हणालो, कारण कोल्हापुरात आरएक्स १०० मोटारसायकलच्या टाकीवरची ती खूण ओळखत नाही असा माणूस सापडणे कठीण, आणि दोन्ही कंपन्यांचे मूळ खरोखर एकच आहे. बुशचे १५० रुपये झाले. ते आजही घट्ट आहे.

खरी अडचण ट्युनरची नव्हती, ॲक्शनची, म्हणजे फ्रेटपासून तारांच्या उंचीची होती, आणि जुनी गिटार घेणाऱ्या प्रत्येकाने तीच सर्वांत आधी पाहावी. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजली तेव्हा ती पावणेचार मिलिमीटर भरली. वाजवण्याजोगी उंची अडीच ते पावणेतीन. बाराव्या मितीच्या (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची) तारा लावल्या तर सहा तारांचा मिळून ७० किलोंहून अधिक ओढा दांडी आणि पेटीवर तारा जिथे अडकवतात तो ब्रिज यांच्यावर अहोरात्र असतो; पन्नास वर्षांत त्या ओढ्याने दांडी मुळाशी किंचित पुढे झुकते, ब्रिजमागची फळी किंचित फुगते आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. दांडीतला ट्रस रॉड, म्हणजे आत बसवलेली धातूची सळई, पिळून हे बरे होत नाही, कारण रॉड दांडीची कमान दुरुस्त करतो, मुळाचा कोन नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेकांनी रॉड पिळून पिळून तोडले आहेत. कोन तपासण्याची सोपी रीत अशी, की स्टीलची लांब सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे सरकवावी. पट्टीचे टोक ब्रिजच्या माथ्यावर अलगद टेकले तर उत्तम. ब्रिजच्या पोटात धडकले तर समजावे की कोन गेला. माझ्या गिटारीवर ते माथ्याच्या जेमतेम एक मिलिमीटर खाली लागते. मी ही पट्टी शाहूपुरीतच लावली होती, आणि काकांनी सांगितलेली किंमत त्या एका मिलिमीटरच्या जोरावर तीन हजारांनी खाली आणली होती.

दांडी उघडून कोन नव्याने बसवता येतो, पण या काळातल्या जपानी गिटारींचे सांधे फार चिवट डिंकाने बसवलेले असतात आणि वाफेने सहजी सुटत नाहीत. ते काम गिटारच्या किमतीहून महाग पडते. मधला मार्ग सॅडल, म्हणजे ज्यावर तारा टेकतात तो ब्रिजवरचा तुकडा, उतरवण्याचा. इथे एक हिशेब लक्षात ठेवावा : बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथली उंची एक मिलिमीटरने कमी करायची तर सॅडल दोन मिलिमीटरने उतरवावे लागते. माझे सॅडल ब्रिजच्या वर साडेचार मिलिमीटर होते. म्हणजे दोन काढले तरी अडीच उरणार होते आणि ते पुरेसे होते. मात्र मधल्या काळात एका दुकानाने मूळ सॅडल काढून प्लास्टिकची पट्टी खाचेत ढिली खोचून ठेवली होती. ती तारांच्या ओढीने पुढे कलली होती आणि आवाजाचा निम्मा जीव तिथेच जात होता. ती तासण्यात अर्थ नव्हता. हाडाचे नवे सॅडल हवे होते.

हाडावर काम करणारा माणूस शोधायचा तर आमच्यासाठी मिरज आहे. सतार-तंबोऱ्यांसाठी नावाजलेले आणि त्यासाठी भौगोलिक मानांकन मिळालेले ते गाव कोल्हापूरहून रेल्वेने तासाभराचे. मी गिटार पाठीला लावून एका वयस्क कारागिरांकडे गेलो, मापे दिली आणि एवढेच म्हणालो की तार बोलकी झाली पाहिजे. हे माझे चुकले. आठ दिवसांनी गिटार घेऊन आलो, तारा मिळवल्या आणि चौथी तार मोकळी छेडली, तर ती तंबोऱ्यासारखी झणझणत राहिली. कारागिरांनी सवयीने सॅडलच्या माथ्याला अगदी सूक्ष्म उतार देऊन जवारी काढली होती! तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार त्या उतारावरून पुढे जाताना पृष्ठभागाला निसटता स्पर्श करत राहते आणि त्यातून तो भरलेला, झळाळता नाद येतो. तिथे तोच जीव असतो. गिटारीवर नेमके उलटे हवे : तार एका तीक्ष्ण कडेवरून सुटली पाहिजे, म्हणजे तिची लांबी पक्की ठरते, सूर नेमका लागतो आणि कॉर्डमधले सहा स्वर एकमेकांत घुसत नाहीत. एकच हाड, एकच कानस, आणि एका वाद्याचा गुण तो दुसऱ्याचा दोष. खरे सांगायचे तर चौथी आणि पाचवी तार षड्ज-पंचमात मिळवून मी दोन संध्याकाळी त्या जवारीवर नुसता गुणगुणत बसलो होतो. मग पुन्हा मिरजेला गेलो. कारागीर हसले आणि म्हणाले, “बोलकी करा म्हणालात, बोलकी केली.” त्यांनी समोर बसवून दहा मिनिटांत माथा कडेवर आणला, आणि दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. आता बाराव्या फ्रेटवर उंची पावणेतीन मिलिमीटर आहे. तारा मी अकराव्या मितीच्या लावतो. ओढा काही किलोंनी कमी होतो आणि जुन्या दांडीला तेवढाच आराम.

आवाज कसा आहे, हे शब्दांत सांगताना मी जपून लिहितो. तो मधल्या पट्टीचा, कोरडा आणि स्वच्छ आहे. खर्ज घुमत नाही. सहावी तार जोरात छेडली तरी पोटात हादरा बसत नाही, आणि ज्यांना ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद पेटीकडून तोच हादरा हवा असतो त्यांची निराशा होईल. तार छेडल्यानंतर नादही लांबत नाही, लवकर विरतो. हा दोष आहे, पण साथ करताना तोच उपयोगी पडतो. माझी धाकटी बहीण भावगीते गाते आणि तिची पट्टी पांढरी पाच. ‘जी’ या सुराचे कॉर्ड मोकळ्या तारांवर धरून मी साथ करतो तेव्हा तिच्या शब्दांवर गिटारचे सावट पडत नाही. शब्द संपला की तारही संपलेली असते. कुणी काळी एकमध्ये गाणारे आले तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून ‘सी’चे आकार धरतो, आणि कॅपो लावल्यावरही सूर ढळत नाहीत, हे पुन्हा त्या फ्रेटच्या कामाचे श्रेय. एका बोटाने, पिकशिवाय, हळू वाजवताना मात्र ती थोडी रुसलेली वाटते. तिला जरा जोर लागतो. ऑर्केस्ट्रात माइकसमोर उभे राहून झोडपून वाजवणाऱ्या काकांच्या हाती तिचा जन्म गेला, हे तिच्या आवाजात कळते असे मी म्हटले तर तो माझा भाबडेपणा समजावा.

पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण कोल्हापुरात गिटार बाळगण्याचा खरा प्रश्न तोच आहे. जुलैच्या उत्तरार्धात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागते त्या दिवसांत माझ्या माडीवरचे आर्द्रतामापक आठ-आठ दिवस ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. एप्रिलच्या दुपारी तेच यंत्र ३० दाखवते. लाकडी गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतात. अखंड फळी पावसात पाणी ओढून रुंदावते आणि फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तडकते. ही हालचाल मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने होते. प्लायवुडमध्ये मधला थर आडवा चिकटवलेला असल्यामुळे एक थर हलू पाहतो तेव्हा दुसरा त्याला धरून ठेवतो. माझ्या एका मित्राची अखंड फळीची, माझ्या गिटारच्या दुप्पट किमतीची गिटार ऑगस्टमध्ये एवढी फुगते की तो गणपतीपर्यंत तिला हात लावत नाही. माझ्या एफजीची उंची एप्रिल ते ऑगस्ट या काळात पाव मिलिमीटरने बदलते आणि दिवाळीत परत येते. तिच्या फळीवर एकही तडा नाही. ज्या प्लायवुडबद्दल विक्रेते मौन पाळतात, त्याच प्लायवुडने ती इथे टिकवली आहे. तरीही मी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि तारा जूनपासून दर तीन आठवड्यांनी बदलतो, कारण तारांना प्लायवुडचे काही देणेघेणे नसते, त्या गंजतात.

पट्ट्याचे एक सांगायचे राहिले. १९६९ साली अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात गायक कंट्री जो मॅकडोनाल्ड ऐनवेळी एकटाच मंचावर गेला, तेव्हा त्याच्या हातात कुणाची तरी एफजी-१५० होती आणि पट्ट्याऐवजी दोरी बांधलेली होती. मी दोरीवर भागवले नाही. चप्पल लाईनमधल्या एका कारागिराकडून कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा पट्टा शिवून घेतला. हे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले असते. पहिले दोन महिने ते करकरते, शिवाय नव्या चपलेसारखा त्याचा वास शर्टाला लागतो. मग मऊ पडते. मात्र त्याचा पिवळा रंग पावसात घामाबरोबर उतरून पांढऱ्या शर्टावर डाग पडला, तेव्हा गडद कपडे घालून वाजवावे.

खर्चाचा हिशेब मांडला तर खरेदी, हाडाचे सॅडल, बुश, पट्टा आणि तारा मिळून मी पंचवीस हजारांच्या आसपास गेलो आहे. एवढ्या पैशांत अखंड स्प्रूसची फळी असलेली चांगली नवी गिटार, पावतीसह आणि हमीसह, मिळते. आवाजही अधिक भरदार मिळेल. नुकतेच शिकू लागलेल्या मुलाला तीच घेऊन द्यावी, त्याला मिरजेच्या खेपा घालायला लावू नये. ज्याला वाजवता येते, ज्याच्याकडे स्टीलची पट्टी आणि थोडा धीर आहे, आणि ज्याला पावसाळ्यातही गिटार हाताशी हवी आहे, त्याने लाल लेबल जरूर पाहावे. मात्र तेवढाच दांडीचा कोन हिरव्या लेबलच्या गिटारीत दिसला आणि किंमत पाच हजारांनी कमी असली, तर मी हिरवी घेईन. ताकामिने, मॉरिस, के. यैरी या नावांच्या त्याच काळातल्या गिटारीही अधूनमधून विक्रीला येतात. पट्टी तिथेही तशीच लावायची. जपानहून थेट मागवायची असेल तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून किंमत काढावी, आणि विक्रेत्याकडून पट्टी ब्रिजवर टेकवल्याचा फोटो आधी मागवावा.

माझ्या सॅडलवर अडीच मिलिमीटर उरले आहेत. दोनच्या खाली गेले की तारांचा ब्रिजवरचा दाब कमी होऊन आवाज मरगळतो, म्हणजे अजून अर्धा मिलिमीटर हाताशी आहे, बाराव्या फ्रेटवर पाव. गेल्या चार वर्षांत उंची वाढलेली नाही. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटावर ती ठेवण्याआधी मी पट्टी लावून मोजतो आणि आकडा केसच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहितो. आतापर्यंत चारही आकडे सारखेच आहेत.